बाळ अजून बसत नाही, बोलत नाही: शीघ्र हस्तक्षेप सेवेबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी लहान मुलांच्या थेरपी केंद्रात विशेष शिक्षिका म्हणून काम करते. पहिल्या भेटीला आलेले पालक जे प्रश्न विचारतात आणि बऱ्याचदा दाराशी निघताना हळूच विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं महाराष्ट्रातल्या सोयी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

शीघ्र हस्तक्षेप म्हणजे नेमकं काय?

मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं, हातांनी वस्तू हाताळणं, माणसांत मिसळणं या गोष्टी ज्या मुलाला वयाप्रमाणे जमत नाहीत, त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंत मिळणारी मदत. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (सगळे तिला ओटीच म्हणतात), स्पीच थेरपी, कान-डोळ्यांच्या तपासण्या, विशेष शिक्षण, आहाराचा सल्ला आणि पालकांना शिकवणं हे सगळं त्यात येतं. उशीर अजून दिसत नाही पण होण्याचा धोका आहे, अशा बाळांसाठीही ही सेवा असते: खूप कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मताच न रडलेली, काचेच्या पेटीत राहिलेली, कावीळ फार वाढलेली, आकडी आलेली बाळं.

आजाराचं नाव हातात असण्याची गरज नसते. नाव कळायला कधी कधी वर्ष-दोन वर्षं जातात आणि तेवढ्यात पुष्कळ काम होऊन जातं.

एवढी घाई का? मूल मोठं झाल्यावर केलं तर चालणार नाही का?

मोठेपणी केलेल्या मदतीचाही उपयोग होतोच, पण काही दारं लहानपणीच जास्त उघडी असतात. ऐकू न येणाऱ्या बाळाचं उदाहरण घ्या. पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व थेरपी सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. या वयात मेंदू आवाजाची वाट पाहत असतो. बरीच वर्षं आवाज पोहोचलाच नाही, तर तीच जागा मेंदू दुसऱ्या कामाला देऊन टाकतो आणि मग भारी यंत्र लावूनही शब्द समजणं कष्टाचं होतं. जन्मजात मोतीबिंदूचं तसंच. थायरॉइड जन्मतः कमी असेल, तर टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धीवर होणारा परिणाम बहुतांशी टळतो. दिवसाला एक छोटी गोळी! ती वेळेवर सुरू न झालेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून या बाबतीत मी फार हट्टी आहे.

कोणत्या खुणा दिसल्या तर दाखवायलाच हवं?

तीन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसत नसेल, चार महिन्यांचं मान सावरत नसेल, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिन्यांचं चालत नसेल. एका वर्षापर्यंत बा-बा, दा-दा अशी बडबड नसेल, टाटा करणं किंवा हात पसरून 'घे' म्हणणं नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडून बोलणं नाही. नाव घेतल्यावर वळून बघत नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही. एक वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसऱ्याची मूठ वळलेली राहते (पालक कौतुकाने 'डावखुरा आहे' म्हणतात, पण इतक्या लवकर हात ठरत नसतो). अंग फार कडक किंवा फार लुळं लागतं.

आणि कुठल्याही वयात, येत असलेले शब्द किंवा हालचाली गेल्या तर वाट पाहू नका.

बाळ दिवस भरायच्या आत झालं असेल, तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून मोजतात. दोन महिने आधी जन्मलेलं, आज नऊ महिन्यांचं बाळ सात महिन्यांचं धरायचं. अशी कित्येक बाळं अगदी ठीक असतात आणि घरी उगाच काळजी चाललेली असते.

बाळ झोपेतून उठताना सारखं दचकतं. आजी म्हणते, बाळं दचकतातच.

आजीचं बहुतेक वेळा बरोबर असतं. पण चार-सहा महिन्यांचं बाळ एकामागून एक, पाच-दहा वेळा, मान आणि हात पुढे टाकून वाकल्यासारखे झटके देत असेल, प्रत्येक झटक्यानंतर रडत असेल आणि पूर्वीसारखं हसत नसेल, तर ती आकडी असू शकते. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. या आकडीत आठवड्यांचा उशीरही महाग पडतो. ओपीडीत बाळ शांत झोपलेलं असतं, आईचं सांगणं 'दचकतं' या एका शब्दात उरतं आणि मग लक्षात येत नाही. दीड मिनिटाचा व्हिडिओ खूप काही सांगतो.

"आमच्या घरात सगळे उशिराच बोलले." मग थांबलं तर काय बिघडलं?

उशिरा बोलून पुढे व्यवस्थित झालेली मुलं असतात, हे खरं. अडचण अशी की दोन वर्षांचं कोणतं मूल त्यांच्यातलं आणि कोणतं नाही, हे घरी बसून सांगता येत नाही. म्हणून बघायचं ते हे: शब्द नसले तरी मूल समजून घेतं का? 'पप्पांची चप्पल आण' म्हटलं, खूण न करता, तर आणतं का? हवं ते बोट दाखवून मागतं का? खोटंखोटं जेवण भरवतं का? हे सगळं असेल तर जीव थोडा भांड्यात पडायला हरकत नाही. नसेल तर 'मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात' यावर विसंबू नका.

डॉक्टरच 'थांबून बघू' म्हणाले, तर त्यांना दोन गोष्टी नम्रपणे विचारा: किती दिवस थांबायचं आणि तोवर घरी काय करायचं? त्या काळात कानांची तपासणी तरी करून घ्या.

कान कशाला? टाळी वाजवली की बघतो तो.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. टाळीचा वारा लागतो, सावली हलते, शिवाय मोठा आवाज कमी ऐकणाऱ्यालाही कळतो. 'स' आणि 'फ' असे बारीक आवाज ऐकू येत नसतील, तर दार आपटल्यावर वळणारं मूलही बोलायला शिकत नाही. ओएई ही चाचणी काही मिनिटांची. बेरा चाचणीत बाळाला झोपवून, डोक्याला पट्ट्या लावून कानाच्या नसेचा प्रतिसाद बघतात. दोन्ही दुखत नाहीत. बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी, बाकीचं नंतर.

डोळ्यांचंही सांगून ठेवते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. फारच लवकर, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्याचा त्याहून आधी. डिस्चार्जच्या गडबडीत ही तारीख हमखास विसरते. कार्डावर लाल पेनाने लिहून घ्या.

सरकारी सोय कुठे मिळते? खर्च किती?

सुरुवात दारापासूनच आहे. आशाताई बाळंतपणानंतर पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात आणि पुढे ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांनाही येतात. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं याची चित्रं असतात. ते पान लसीच्या पानाइतकंच महत्त्वाचं, पण बहुतेक कार्डांवर कोरं दिसतं. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला आणि दीड वर्षाच्या डोसला जाल, तेव्हा ते पान उघडून नर्सताईंना विचारा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वं-लोहाची कमतरता आणि विकासातला उशीर अशा चार गटांत ही तपासणी होते. पथकाला शंका आली की मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ते केंद्र जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं, सेवा मोफत असते. पथक येईपर्यंत थांबायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात थेट जाऊन 'डीईआयसी कुठे आहे' विचारा, डीईआयसी या इंग्रजी लघुनावाने हे केंद्र लवकर कळतं.

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र २०२१ पासून चालतं. पालिकेची मोठी रुग्णालयं, परळचं लहान मुलांचं वाडिया रुग्णालय, उम्मीद बालविकास केंद्र, १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी म्हणून सुरू झालेली अडॅप्ट संस्था, पुण्यात केईएमचं टीडीएच केंद्र, गोव्यात पर्वरीची सेतू संस्था, ही नावं पालकांच्या तोंडी असतात. खेड्यातून आलेल्या माणसाला दर आठवड्याला शहर गाठणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा मोठ्या केंद्रात जाऊन घरचा कार्यक्रम शिकून घ्यायचा आणि मधल्या काळात जवळचा फिजिओ किंवा फोनवरचं मार्गदर्शन घ्यायचं, असं करून नेटाने पुढे गेलेली कुटुंबं आहेत.

असेसमेंटमध्ये मुलाला काय करायला लावतात?

खेळायला. ठोकळे, कप, खुळखुळा, दोरीला बांधलेली वस्तू, चित्रं. आपल्याकडे वापरली जाणारी डीएएसआयआय ही चाचणी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या मुलांच्या अभ्यासातून उभी केली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ गोष्टी आहेत. तीन वर्षांपुढे स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्रमाणपत्रासाठी इसा ही ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी वापरतात. चाचणीत आलेला विकासाचा आकडा सांगितला की पालक हादरतात. तो आकडा त्या दिवशीच्या कामाचा आहे. तापातून उठलेलं, अनोळखी बाईंना घाबरलेलं मूल कमी करतं. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा बघायचं असतं.

आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपी. एवढ्याने काय होणार?

एवढ्यानेच काही होणार नाही. म्हणून तर आम्ही आईला, बाबांना, आजीला शेजारी बसवतो. थेरपिस्टच्या पाऊण तासात पालकांनी शिकायचं आणि तेच घरी, रोजच्या कामांत, दिवसभर थोडं थोडं करायचं. 'तुम्ही बाहेर बसा' एवढंच वर्षभर सांगणारं केंद्र असेल, तर कारण विचारा.

जवळून पाहिलेलं एक उदाहरण सांगते. चौदा महिन्यांचा एक मुलगा आमच्याकडे आला. पाय कडक, एकमेकांवर कात्रीसारखे चढलेले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं. आई त्याला दोन्ही हातांवर आडवा घेऊन आली होती, तान्ह्यासारखा. घरी तो बहुतेक वेळ झोळीत. आमच्या फिजिओताईंनी पहिल्या दिवशी कुठलंच यंत्र काढलं नाही. त्यांनी आईला मुलाला कडेवर घ्यायला शिकवलं. आपल्या आज्या घेत तसंच, एक पाय पुढे, एक मागे, कमरेला मिठी. त्याने मांड्या आपोआप फाकतात, कडकपणा सैलावतो, पाठ सरळ होते आणि मान वर करून जग बघावंसं वाटतं. मग झोळीचा वेळ कमी केला, जागेपणी पोटावर पालथं घालायला सांगितलं, समोर जमिनीवर स्टीलची चकचकीत वाटी. आई भाकरी थापताना त्याला कोपऱ्यात, दोन भिंतींच्या आधाराने, मांडी घालून बसवायची आणि पिठाचा गोळा हातात द्यायची. वळलेली मूठ पिठात उघडायला लागली. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा तो कडेवर होता आणि दाराची कडी ओढत होता.

भरवणंही थेरपीच आहे. अशा मुलांना मांडीवर आडवं करून, मान मागे टाकून पेज पाजू नका. ती श्वासनलिकेत जाते आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. बसतं करून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, घट्टसर वरण-भात.

बोलण्यासाठी घरी काय करायचं?

कमी बोला आणि थांबा. आपण 'काय हवं बाळा, पाणी हवं? दूध हवं? सांग ना' असं न थांबता विचारतो आणि शेवटी पेला देऊन टाकतो. त्याऐवजी पेला दाखवा, 'पाणी' म्हणा आणि मनात सात-आठ आकडे मोजा. फार लांब वाटतं ते. तेवढ्यात नजर, हात, 'पा' असा एक आवाज, काहीही आलं की लगेच पाणी द्या. केळं आणि बिस्कीट दोन्ही समोर धरून निवडू द्या. रोजचं बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द गाळा आणि मुलाकडे बघत राहा. मूल जे बघतंय त्याबद्दल बोला. ते गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्हीही शेजारी पडून चाक फिरवा, 'गरगर' म्हणा.

खुणा आणि चित्रं वापरली तर बोलणं मागे पडतं, ही भीती मनातून काढा. मागता येऊ लागलं की मुलाची चिडचिड कमी होते आणि शब्दांना वाट मिळते.

डॉक्टर किंवा शाळा म्हणते, घरात फक्त इंग्रजी बोला. खरं का?

माझं यावर स्पष्ट मत आहे: घरची भाषा सोडू नका. दोन भाषांमुळे बोलण्यात उशीर होतो असं संशोधनात दिसत नाही, स्वमग्न मुलांमध्येही नाही. मोडक्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढंच बोलणारी आई मुलाला भाषा किती देणार? आजी-आजोबांशी तर संवादच तुटतो. पुण्यात असा की न्यू जर्सीत, मराठीतच भरभरून बोला. परदेशात असाल तर थेरपिस्टला सांगा की घरची भाषा मराठी आहे, असेसमेंटमध्ये तिचे शब्दही मोजायला लावा.

मोबाइलमुळे झालं का हे?

स्वमग्नता मोबाइलने होत नाही. पण दिवसाचे चार तास पडद्यासमोर गेले, तर तेवढे तास माणसांशी देवाणघेवाण होत नाही, हे उघड आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते आणि दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास. जेवताना मोबाइल ही सवय आधी सोडा. चार-पाच दिवस रडारड होईल, मग निवते.

वेखंड, पांगुळगाडा, मालिश यांचं काय?

वेखंड उगाळून चाटवल्याने वाचा फुटत नाही. जीभ चिकटलेली असल्याने मूल बोलत नाही, हेही बहुतेक वेळा खरं नसतं. हलक्या हाताची मालिश छान, बाळाशी बोलत करा. कडक पाय जोर लावून ओढू मात्र नका. उभं राहू लागलेल्या मुलाने लाकडी पांगुळगाडा ढकलला तर चांगलंच. चाकांचा, आत बसवायचा वॉकर आणू नका. मूल पायऱ्यांवरून पडतं आणि चालणं लवकर येत नाही.

स्टेम सेलने बरं होतं अशी जाहिरात बघितली. लाखो रुपये लागतात.

तो पैसा ठेवा. स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण वगळता बाकी सगळं प्रयोगाच्या पातळीवर आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. शेत गहाण टाकून आलेल्या वडिलांना हे सांगताना माझा आवाज चढतो.

थेरपिस्ट खरा की नाही, कसं ओळखायचं?

विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक मागा. फिजिओ आणि ओटींची महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आहे. मुलाला मारणं, बांधून ठेवणं, 'सहा महिन्यांत नॉर्मल करतो' अशी हमी, यांपैकी काहीही दिसलं तर तिथून निघा.

एवढ्या लहान मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र कशाला? शिक्का बसेल.

भीती समजते. प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहतं, दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर बहुतेक योजना लागू होतात. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. लहान मुलांचं प्रमाणपत्र सहसा ठरावीक मुदतीचं असतं, म्हणजे पुढे पुन्हा तपासणी होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते आणि त्यात थेरपीही धरली आहे. बिलं जपून ठेवा. जुन्या करप्रणालीत असाल तर कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्क्यांवर असेल तर सव्वा लाखाची.

अंगणवाडीत किंवा बालवाडीत घेतील का?

घ्यायला हवं. दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केला आहे. सेविकाताईंना मुलाची एकच सवय आधी सांगून ठेवा, उदाहरणार्थ 'कुकरची शिट्टी झाली की तो कान झाकतो, तेव्हा बाहेर न्या.' लांबलचक अहवालापेक्षा असं सांगणं त्यांच्या जास्त कामी येतं.

सासरचे म्हणतात, गरोदरपणात माझंच काहीतरी चुकलं.

ग्रहणात भाजी चिरल्याने, कामावर गेल्याने, रडल्याने किंवा रागावल्याने हे होत नाही. मुलाच्या दुखण्यासाठी आईला आरोपीसारखं उभं करणारं घर मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. पुढच्या भेटीला नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन या. आम्ही त्यांच्याशी बोलतो आणि त्यांच्या हातीही काम देतो. एका आजोबांकडे आम्ही रोज संध्याकाळी नातवाला पायऱ्या चढवायचं काम दिलं. महिनाभरात घरातलं बोलणं बदललं.

माझं मूल पूर्ण बरं होईल का?

काही मुलं वयाच्या बरोबरीला येतात आणि थेरपी सुटते. काहींना आयुष्यभर कमी-जास्त मदत लागते. सुरुवातीला कोण कुठल्या बाजूला जाईल हे मी सांगू शकत नाही आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. सांगता येतं ते एवढं: पुढच्या तीन महिन्यांत कशावर काम करायचं. स्वतः चमचा तोंडात नेणं, शी लागली की खूण करणं, बहिणीबरोबर चेंडू खेळणं. अशा गोष्टी ठरवू आणि तीन महिन्यांनी बघू.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

डिस्चार्ज कार्ड, लसीचं कार्ड, झालेल्या तपासण्या आणि सुरू असलेल्या औषधांच्या बाटल्या. घरी मूल कसं खेळतं, खातं, चिडतं याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ. जमलं तर मूल जेवून-झोपून उठल्यानंतरची वेळ मागा, भुकेलं मूल काहीच करत नाही. त्याचं लाडकं खेळणं आणा, मग ते बाटलीचं झाकण का असेना. आणि त्याला आवडणारा खाऊ, घरचाच, डब्यात.